युट्यूब बघून लेख पाडणाऱ्याचं उत्तर

साहेब, तुमची कमेंट काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली, आणि गप्प बसावं असं ठरवूनही बसवेना म्हणून हे लिहितोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी मागच्या लेखात म्हटलं होतं की ज्वालामुखीचं खरं शूटिंग ड्रोन आल्यावर सुरू झालं. त्यावर यांचं म्हणणं असं की मोरिस आणि कातिया क्राफ्ट या ज्वालामुखीतज्ज्ञ जोडप्याने १६ एमएमच्या फिल्मवर जे टिपलं त्याच्या नखाची सर ड्रोनला नाही, मी रिळाचा आकडा चुकवलाय, जपानच्या उनझेन ज्वालामुखीवर मेलेल्या पत्रकारांबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, आणि शेवटी हे रत्न: "कॅमेरा कधी हातात धरलाय का? युट्यूब बघून लेख पाडायचे धंदे बंद करा."

रिळाचं मान्य. १०० फुटी रीळ २४ फ्रेमने पावणेतीन मिनिटंच चालतं, मी ४०० फुटी मॅगझिनची अकरा मिनिटं त्याला चिकटवली. दुरुस्त केलंय. एवढंच नीट शब्दांत सांगितलं असतं तर आभार मानले असते, पण ते तुम्हाला जमणार नव्हतं बहुतेक.

आता "हातात धरलाय का". १९८७ साली सेकंडहँड ट्यूबवाला (म्हणजे चित्र चिपऐवजी काचेच्या नळीवर टिपणारा) व्हिडिओ कॅमेरा घेऊन मी लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलो तेव्हा तुम्ही कितवीत होतात माहीत नाही. कॅमेरा माझ्या खांद्यावर, रेकॉर्डर वेगळा, तो चुलतभावाच्या गळ्यात, मधे केबल. मांडवात आम्ही दोघं नवरा-नवरीसारखे गाठ मारून फिरायचो, हा वळला की मला वळावंच लागायचं. मिरजेच्या एका लग्नात ऐन अंतरपाटाच्या वेळी लाईटवाल्या पोराचा हात दुखला असावा, त्याने हॅलोजन खाली घेतला तो सरळ माझ्या लेन्ससमोर. मी कॅमेरा झटकन फिरवला, तर व्ह्यूफाइंडरमधे उजेडाचं शेपूट मागे मागे ओढत आलं, आणि नंतरच्या सगळ्या मंगलाष्टकांत नवरीच्या कपाळावर एक डाग बसलेला, ती हलली तरी डाग आपला तिथेच. ट्यूब भाजली होती. मुलीच्या वडिलांनी निम्मे पैसे कापले आणि तो डाग पुढच्या प्रत्येक लग्नात माझ्यासोबत जेवायला आला.

हे कशासाठी सांगतोय, तर रात्रीचा लाव्हा म्हणजे असलाच प्रकार, काळ्याकुट्ट फ्रेममधे मधोमध भगभगीत उजेड. ट्यूब भाजायची. नंतर ट्यूबच्या जागी सीसीडी ही चिप आली तर जास्त उजेडाने चित्रात वरपासून खालपर्यंत उभी रेघ यायची. आजचे सेन्सर काळा दगड आणि लाल लाव्हा बऱ्यापैकी एकाच फ्रेममधे सांभाळतात. फिल्मचं तसं नव्हतं, उजेड जास्त झाला तर तेवढा भाग पांढरा पडायचा आणि पुढची फ्रेम कोरी करकरीत, म्हणून त्या काळात १६ एमएम घेऊन जाणं शहाणपणाचंच होतं. बघा, तुमची बाजूसुद्धा मलाच मांडावी लागतेय.

पण पावणेतीन मिनिटं, साहेब! आइसलँडला फाग्रादाल्सफ्याल १९ मार्च २०२१ ला फुटला आणि मे महिन्यात लाव्ह्याची कारंजी थांबून थांबून उसळायला लागली, काही मिनिटं उसळी, काही मिनिटं सामसूम, परत उसळी. रीळवाला माणूस नेमका सामसुमीत रीळ बदलून तयार राहील याची गॅरंटी कोण देणार? टेकडीवर लावून ठेवलेले लाइव्ह कॅमेरे दिवसरात्र चालू होते आणि वरून ड्रोन थेट विवराच्या तोंडावर जात होते, काही त्यात गेलेही. ड्रोन गेला तर पैसे जातात. माझं म्हणणं एवढंच होतं.

राहिला उनझेन. ३ जून १९९१, ४३ माणसं गेली, त्यात क्राफ्ट दोघं होते आणि टीव्ही-पेपरवाले बरेच होते हे मलाही माहितीय, पण माझा लेख कॅमेऱ्यांवर होता, श्रद्धांजली नव्हती. तो विषय वेगळा, बघू कधीतरी. आणि क्राफ्टच्या फुटेजवरून बनवलेली धोक्यांची फिल्म फिलिपिन्समधे दाखवल्यामुळे तिथल्या पिनातुबो ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या वेळी लोकांना हलवायला मदत झाली, हे मी शिकवल्यासारखं सांगताय ते माझ्याच लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे. पहिल्या परिच्छेदातच डोकं तापलं तर माणूस दुसऱ्यापर्यंत पोचणार कसा म्हणा.

बाकीच्या मुद्द्यांना उत्तर देत बसत नाही. तो ट्यूबवाला कॅमेरा अजून माळ्यावर आहे. रविवारी खाली काढतो, टीव्हीला जोडून चालला तर डागासकट फोटो टाकतो.