काप दाग्दच्या दिवसाची बाजू

उन्हाळा जवळ आला की इथे दक्षिण फ्रान्सात माँपेलिएत राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांना पुण्या-मुंबईहून हमखास मेसेज येतो. "तुमच्या जवळच ते काप दाग्द ना?" आणि पुढे डोळा मारणारी इमोजी. कुणीतरी कुठलीशी रील पाहिलेली असते. गाव नागडं फिरतं, रात्री जोडपी क्लबात जाऊन काय काय करतात, वगैरे. या मेसेजचा मला मनापासून राग येतो. का येतो, ते एकदा सविस्तर लिहून टाकते.

आग्द हे एरो नदीच्या मुखाजवळचं जुनं गाव, ग्रीक दर्यावर्दींनी अडीच हजार वर्षांपूर्वी वसवलेलं. त्याला लागून समुद्रावर असलेलं काप दाग्द मात्र कालपरवाचं. लांगदॉक प्रांताचा हा किनारा दलदलीचा आणि डासांचा. 1963 मध्ये फ्रेंच सरकारने तो पर्यटनासाठी विकसित करायला घेतला, म्हणजे सुट्टीत स्पेनकडे पळणारी माणसं इथेच थांबतील. पण कपड्यांशिवाय उन्हात राहू इच्छिणारे लोक त्याआधीच येऊन पोचले होते. ओल्त्रा नावाच्या कुटुंबाची समुद्रालगत जमीन होती, तिथे ते तंबू ठोकून राहत. त्यांना हुसकावण्याऐवजी नव्या आराखड्यात त्यांच्यासाठी वेगळी वस्ती ठेवली गेली. आज त्या वस्तीला फाटक आहे, आत जायला तिकीट आहे, आणि आत घरं, दुकानं, बोटींचा धक्का, सगळं आहे.

तिथली सकाळ मला फार आवडते. किराणा दुकानात सत्तरीच्या आजी टोमॅटो दाबून बघत असतात. पायात चपला, खांद्यावर टॉवेल, बाकी काही नाही. टॉवेल हवाच, कारण कुठेही बसायचं तर आपल्या टॉवेलवरच, हा तिथला शिरस्ता. सिझेरियनचा व्रण, कर्करोगात काढून टाकलेल्या स्तनाची जागा, सुटलेलं पोट, सगळं उघडं असतं आणि कुणी वळून बघत नाही. आयुष्यभर ओढणी सावरत वाढलेल्या बाईला त्या न बघण्याचं मोल काय वाटतं, ते मी कसं सांगू!

नग्नतेत मुळात अश्लील काही नाही, हे आपल्याकडे र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून सांगत होते. त्यातल्या लैंगिक विषयांवरच्या लिखाणापायी खटले झाले, दंड भरावे लागले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. तेव्हा "आपल्या संस्कृतीत हे विचार नाहीत" असं मला कुणी सांगू नये.

आता रात्र. अंधार पडला की तिथे उलटंच होतं. दिवसभर अंगावर चिंधी नसलेल्या रस्त्यांवर लोक कपडे घालून येतात, आणि ते कपडे निव्वळ दुसऱ्याने बघावं म्हणून घातलेले असतात. चामड्याचे पट्टे, जाळीचे झगे, उंच टाचा. क्लब उघडतात, जोडीदार बदलणारे आत जातात. सज्ञान माणसांनी एकमेकांच्या मर्जीने चार भिंतींच्या आत काय करावं, यात मी नाक खुपसणार नाही. तिथे 'नाही' म्हटलं की विषय संपतो, हा दंडक कसोशीने पाळला जावा आणि माणसं आपापल्या घरी सुखाने जावीत. माझी तक्रार त्या भिंती ओलांडण्याबद्दल आहे. किनाऱ्याच्या एका टोकाला भर दुपारी हेच प्रकार चालतात आणि भोवती बघ्यांचं कोंडाळं जमतं. उघड्यावर असं वागणं फ्रान्सच्या कायद्यातही गुन्हा आहे, एक वर्षाची कैद आणि 15,000 युरोपर्यंत दंड. नुसत्या उघड्या अंगाने वावरणं वेगळं, हे वेगळं. वर्षानुवर्षं येणाऱ्या जुन्या मंडळींचं गाऱ्हाणं हेच आहे की रात्रीचा धंदा दिवसावर चढत चाललाय. रात्रीच्या गिऱ्हाइकाचा खिसा गरम असतो, म्हणून घरंही त्यालाच भाड्याने द्यायची आणि दुकानंही त्याच्याच मालाने भरायची. नातवंडांना घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांनी मग कुठे जायचं?

आणि यात आपल्या रील्सचाही हात आहे. वस्तीत फोटो काढायला मनाई आहे, पाट्या आहेत, तरी लोक खिशातल्या खिशात फोन चालू ठेवतात. हा रोग आपल्याला परका नाही. 2023 च्या जानेवारीत गोव्याच्या पर्यटन खात्याला सूचना काढावी लागली होती, की समुद्रात पोहणाऱ्या किंवा उन्हात पडलेल्या पर्यटकांचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. बागा-कळंगुटला गेलेल्या कुणालाही विचारा, ती सूचना कुणासाठी होती.

बरं, इतक्या लांब येऊन लोक आजूबाजूचं काहीच बघत नाहीत, हे तर फारच जिव्हारी लागतं. काप दाग्दलाच एक छोटं संग्रहालय आहे. तिथे 1964 मध्ये एरो नदीच्या तळातून वर काढलेला ग्रीक तरुणाचा काशाचा पुतळा आहे. खांद्यावरून डाव्या हाताला गुंडाळलेलं वस्त्र, बाकी अंग उघडं. अनेक वर्षं तो पॅरिसला होता, मग गावाकडे परत आला. त्याच्यासमोर उभं राहून कुणी डोळा मारत नाही!

आग्दचं जुनं गाव काळ्या ज्वालामुखी दगडाचं, अगदी आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टसारखं. त्याच दगडाचं कॅथेड्रल, किल्ल्यासारखं. जवळच मिदी कालव्यावर गोल आकाराचं लॉक आहे, म्हणजे बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारी कुंडी, तिला तीन दिशांना तीन दारं आणि पाण्याच्या तीन पातळ्या. 1681 मध्ये खुला झालेला हा 240 किलोमीटरचा कालवा इथून पुढे थोच्या खाजणाला मिळतो. काठाकाठाने सायकल काढा आणि खाजणापर्यंत जा. तिथे कालवं, म्हणजे ऑयस्टर, पिकवतात. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, म्हणून खाजणाकाठच्या बुझीग गावची माणसं कालवाचं एकेक पिल्लू सिमेंटच्या ठिपक्याने दोरीला चिकटवतात आणि त्या दोऱ्या पाण्यात सोडतात. एकेक, हाताने! टपरीवर बसून लिंबू पिळून ती खाताना समोर त्याच दोऱ्यांच्या चौकटी दिसतात. रत्नागिरी-मालवणच्या माणसाला इथून उठवत नाही.

"मुलांना आणता येईल का?" हाही प्रश्न असतोच. तर, काप दाग्द म्हणजे नुसती ती वस्ती नव्हे. फाटकाबाहेरचं सगळं गाव चारचौघांसारखं आहे. काळ्या वाळूचा किनारा आहे, बोटीने ब्रेस्कूच्या जलदुर्गाला फेरी मारता येते, मुलं खूश होतील. फाटकाच्या आत न्यायचं असेल तर तुमचं तुम्ही ठरवा, माझी हरकत नाही. फक्त सकाळी जा, तंबूंच्या बाजूच्या किनाऱ्यावर बसा, फोन खोलीवर ठेवा आणि दिवेलागणीच्या आत बाहेर पडा. दिवेलागणीच्या आत, असं मला लिहावं लागतंय, याचाच तर राग आहे.