‘बेजबाबदार सल्ला’ म्हणणाऱ्या वाचकांस

महोदय,

विंडोजमधली २६० वर्णांची पाथ-मर्यादा (पाथ म्हणजे फाईलचा फोल्डरांसकट पूर्ण पत्ता) रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यातून, उठवण्याबद्दलचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत: ‘सामान्य माणसाला रजिस्ट्रीत हात घालायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. फाईल एक्सप्लोरर तर ही सेटिंग जुमानतच नाही. बॅकअपचा उल्लेखही नाही.’

एक्सप्लोररचं बरोबर आहे, तेवढं मान्य. पण बेजबाबदारपणा? असा आरोप करण्याआधी हा माणूस असं का सांगतोय, एवढं तरी विचारायचं होतं.

फोंड्याच्या आसपासच्या देवळांतून उत्सवात मराठी नाटकं होतात. त्यांच्या जुन्या हस्तलिखित संहिता मी कैक वर्षं स्कॅन करतोय, पदरमोड करून. फोल्डरांची नावं मराठीतच ठेवतो: गाव, देवस्थान, नाटक, अंक. आता देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘नाट्यप्रयोग’ डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात, विंडोज मोजतं अकरा. इंग्रजीत आखूड नावं देणाऱ्याला जी मर्यादा सहसा जाणवत नाही, ती आमच्या वाटेत पदोपदी येते. सूची करणारी माझी पायथॉनची स्क्रिप्ट अशा फायली उघडेचना. वास्तविक एनटीएफएस ही विंडोजची फायली साठवायची पद्धत ३२ हजारांहून अधिक वर्णांचा पाथ पेलते. अडवणूक तिच्या वरच्या, प्रोग्राम ज्यातून विंडोजशी बोलतात त्या जुन्या विन३२ थराची. २०१६ सालच्या विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून रजिस्ट्रीतल्या ‘लाँग पाथ्स एनेबल्ड’ या नोंदीचं ० बदलून १ करता येतं. मी केलं, स्क्रिप्ट चालली. पुन्हा ० केलं की सगळं पूर्ववत. यात कुणाचा संगणक बुडाला, ते दाखवा.

रजिस्ट्रीऐवजी ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सेटिंग्ज बदलायच्या विंडोजच्या दुसऱ्या सोयीतून करा, असं शहाणपण सांगणारेही भेटतात. विंडोजच्या होम आवृत्तीत तिचा एडिटर नसतो, आणि आमच्याकडच्या मंडळांचे लॅपटॉप बहुतेक होमचेच. त्यांनी काय करायचं? संहितांची नावं तोडायची? गावाचं आणि देवस्थानाचं नाव गेलं, तर ती संहिता कुठली हे पुढच्या माणसाला कसं कळणार? तुम्हाला ही तळमळ दिसली नाही, याचं वाईट वाटलं.

एक्सप्लोररमधून कॉपी होत नसेल तर रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपी करायची कमांड वापरा. त्याला ही सेटिंग लागतही नाही. बॅकअपचं म्हणाल, तर बदल करण्याआधी रजिस्ट्रीतली ती की (नोंदींचा गट) एक्सपोर्ट करून ठेवा, हे लेखात तिसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथपर्यंत वाचायचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत.

यापुढे लिहिताना विंडोजची आवृत्ती, प्रोग्रामचं नाव आणि आलेला एरर द्या. मी तपासून उत्तर देईन. नुसत्या शेऱ्यांना देणार नाही.