तुळशीवरची निळी माशी ‘म्यूटंट’ नाही

निळ्या-हिरव्या माश्यांचे दोन फोटो आणि खाली मजकूर: ‘मोबाइल टॉवरच्या किरणांनी मधमाश्यांची नवी म्यूटंट जात तयार झाली आहे. ती विषारी आहे, तिचा मध निळा असतो. दिसली की मारा.’ हा मेसेज मला चार ग्रुपांवर आला. त्यातलं शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना, म्हणून हे लिहितेय.

आधी ‘नवी जात’. काळ्या पोटावर निळे पट्टे असलेली ही माशी, ॲमेजिला झोनाटा, लिनीयसने १७५८ साली नोंदवली. तेव्हा टॉवर तर सोडाच, तारायंत्रही नव्हतं. दुसऱ्या फोटोतली पाचूसारखी हिरवी माशी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली ऑर्किड बी आहे. आपल्याकडे ती नाहीच. मोरपिसाचा रंग जसा पिसाच्या रचनेतून येतो, तशी तिची झळाळी कवचाच्या पातळ थरांमधून येते.

‘म्यूटंट’बद्दल थोडं सविस्तर. मधमाश्यांत म्यूटेशन, म्हणजे जनुकांत बदल, होतं, हे खरंच. त्यांचे नर अफलित अंड्यातून जन्मतात, गुणसूत्रांचा एकच संच घेऊन. त्यामुळे माद्यांमध्ये झाकून राहिलेला दोष नरात लगेच दिसतो. पांढऱ्या डोळ्यांचे नर असेच जन्मतात. त्यांना धड दिसत नाही, उडाले की पोळ्याकडे परत येता येत नाही. कॉर्डोव्हन नावाच्या म्यूटेशनमध्ये काळ्या रंगाच्या जागी तांबूस तपकिरी रंग येतो. निळी-हिरवी झळाळी यातून येत नाही.

‘विषारी’ म्हणावं तर निळ्या पट्ट्यांच्या माशीला डंख आहे, पण फक्त मादीला, आणि चिमटीत धरलं तरच ती डंख मारते. आग्या मोहोळासारखा थवा अंगावर येत नाही, कारण ही माशी एकटी राहते. मातीच्या भिंतीत किंवा बांधाच्या मातीत बीळ करते. राखायला पोळं नाही, मधाचा साठाही नाही. मग निळा मध येणार कुठून?

निळा मध मात्र खरोखर निघाला होता, २०१२ साली, फ्रान्समधल्या रिबोव्हिये गावाजवळ. तिथल्या साध्या मधमाश्यांना बायोगॅस प्रकल्पात आलेला रंगीत गोळ्यांचा कचरा सापडला आणि पोळ्यांत निळा-हिरवा मध भरला. रंग साखरेच्या गोळ्यांवरचा होता, माशी नेहमीचीच.

आता ‘दिसली की मारा’. वांग्याचं, टोमॅटोचं फूल पराग सहज सोडत नाही. परागकोशाला टोकाशी बारीक छिद्र असतं. ही निळी माशी फुलाला घट्ट धरून अंग थरथरवते, बारीक गुणगुण ऐकू येते आणि पराग झरझर खाली पडतो. आपल्या सातेरी मधमाशीला हे जमत नाही. भिंतीतल्या त्या बिळांत फिनेल ओतलं, तर नुकसान परसातल्या वांग्याचंच.

तुळस मंजिऱ्यांवर आली की ही माशी हमखास येते. संध्याकाळी वाळक्या काडीपाशी वाकून बघा. नर काडी जबड्यात धरून, पाय पोटाशी घेऊन रांगेत झोपलेले असतात. फोटो काढायचा तर तीच वेळ. ऊन पडलं की क्षणभरही थांबत नाहीत.