‘दोन्हीकडे चालते’ म्हणे!

टाइलच्या दुकानात मागच्या भिंतीला सुट्या टाइल्सची थप्पी लावलेली असते. पेटी नाही, मागे शिक्का नाही, उरलेल्या लॉटचा माल. जमिनीची की भिंतीची, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "दोन्हीकडे चालते, बिनधास्त लावा." डोंबलाचं चालते! टाइल्सचं गाव म्हणजे गुजरातमधलं मोरबी; तिथल्या कारखान्यात या दोन टाइल्सची माती, भाजणं, ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) सगळं वेगळं असतं आणि तो प्रकार पेटीवर छापलेला असतो. पेटी फेकून दिली तुम्ही, मग अंदाज गिऱ्हाइकाने का बांधायचा?

त्यात मिस्त्री येतो, अंगठ्याने जाडी चाचपतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. अहो, भिंतीचीही ८-९ मिलीमीटर भरते आणि जमिनीची व्हिट्रिफाइडही (भाजून काचेसारखी घट्ट केलेली) तेवढीच! "लाल बॉडी (ग्लेझखालचं मातीचं अंग) म्हणजे भिंतीची" हीसुद्धा थापच, लाल मातीची जमिनीची टाइलही येते. साइझवरून थोडंफार कळतं. १२ बाय १८ इंच असेल तर बहुतेक भिंतीची. पण २ बाय ४ फूट असेल तर साइझवरून काहीच ठरवू नका.

खरं सांगतं ते पाणी. टाइल पालथी करा आणि मागच्या खरखरीत अंगावर चमचाभर पाणी ओता. भिंतीची टाइल ते बघता बघता पिऊन टाकते, मागे काळपट डाग उरतो. व्हिट्रिफाइडवर पाणी तसंच राहतं, पुसलं की गेलं. अडचण होते ती मधल्या, जमिनीच्या सिरॅमिकची. तिला वजनकाटाच हवा. किलोभराचा तुकडा दोन दिवस कडक उन्हात वाळवा, तोला, २४ तास पाण्यात बुडवा, ओल्या फडक्याने टिपून पुन्हा तोला. किलोमागे ५ ग्रॅमच्या आत वाढलं तर व्हिट्रिफाइड. ३० ते ६० ग्रॅम वाढलं तर साधारण जमिनीची सिरॅमिक. १०० च्या वर गेलं की भिंतीची, विषय संपला. घरच्या भिजवणीत पाणी पूर्ण मुरत नाही, म्हणून काठावरचा आकडा भिंतीच्या खात्यात टाका.

बॉडी पास झाली म्हणजे ग्लेझ पास झालं असं नाही. कोपऱ्यात चिमूटभर कोरडी रेती टाका आणि लाकडी ठोकळ्याने दाबून पन्नासेक वेळा घासा. चकाकी मेली, तर दारातल्या येण्याजाण्याला ती टिकणार नाही. किल्लीने ओरखडा काढून बघणाऱ्यांनो, ती राखाडी रेघ बऱ्याचदा किल्लीचाच धातू असतो, आधी पुसून बघा. आणि बाथरूमसाठी साबणाचं पाणी टाकून टाच फिरवा. पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड जमिनीची असली तरी तिथे माणूस आपटतो.

भिंतीची टाइल खाली लावली की काय होतं? सिलिंडर ओढला की टवका उडतो, कपाटाच्या पायाखाली पोकळ राहिलं असेल तर तडा जातो, टवक्यातून पाणी आत शिरतं आणि पोछा कितीही मारा, तो काळा डाग जात नाही. कारण तो आतून आलेला असतो.

उलटा घोळही तितकाच महाग. व्हिट्रिफाइड भिंतीला खुशाल लावा, पण सिमेंटच्या घोळाने नाही! ती पाणी ओढतच नाही, तर सिमेंट तिला धरणार कशाला? मागची पांढरी पावडर ब्रशने झाडा, टाइल अ‍ॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला) दातेरी थापीने पसरा, मोठ्या टाइलच्या पाठीवरही एक हात मारा. भिंतीच्या टाइलला जमणारी जुनी रीत इथे वापरली तर टाइल वर्षा-दोन वर्षांत डोक्यावर येऊ शकते.

सुटा माल घ्यायचाच असेल तर थप्पीतली वरची, मधली आणि खालची अशा तीनच टाइल्स आधी विकत घ्या, कारण या थप्प्यांत दोन लॉट हमखास मिसळलेले असतात. तिन्ही फोडा, भिजवा, तोला. दुकानदार तीन टाइल्स द्यायला कुरकुरला, तर ती थप्पी त्याच्याच स्वयंपाकघरात लावू द्या.