फिरा

आमच्या घरात सहलीची स्वप्नं मी बघते आणि हिशेब नवरा बघतो. ग्रीसमधल्या सान्तोरिनी बेटाच्या कड्यावरची पांढरी हॉटेलं आणि खाली निळा समुद्र हे चित्र मी तीन वर्षं मोबाइलवर जपलं होतं. नवऱ्याने तिथलं एका रात्रीचं भाडं बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "कडा लांबून बघायचा असतो. त्याच्यावरच राहिलो तर दिसणार कसा?" मग बेटाच्या दुसऱ्या अंगाला, पेरिसा नावाच्या गावात, त्याने एक खोली ठरवली. तिथे जायचं कसं? "बस आहे की!"

सोबत त्याच्या आत्या होत्या. वय ६८, आणि आयुष्यातला निम्मा प्रवास एसटीच्या कंडक्टरमागच्या सीटवर झालेला.

अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातून निघालेली बोट पारोस, नाक्सोस करत आठेक तासांनी अथिनियोस बंदराला लागली. बोटीचं मागचं दार आडवं पडलं आणि ट्रक, मोटारी, बॅगा, माणसं असं सगळं एकदम किनाऱ्यावर सांडलं. वर बघते तर उभा कडा आणि त्यावर कुणी शेवया टाकाव्यात तसा रस्ता. "सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखी फुटला," नवऱ्याने सुरू केलं, "मधला भाग समुद्रात खचला, हा नुसता काठ उरलाय."

"म्हणजे फुटक्या मडक्याच्या काठावर चढायचंय," आत्या म्हणाल्या आणि बसच्या पोटात स्वतःची बॅग स्वतः ढकलून सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसल्या.

ड्रायव्हरच्या आरशाला काचेचा निळा डोळा लटकत होता. शेजारी एका संताची तसबीर. दृष्ट लागू नये म्हणून डोळा, असं नवऱ्याने सांगितल्यावर आत्यांना माणूस एकदम पसंत पडला. लिंबू-मिरची नसली तरी भावना तीच. वाटेत चर्च दिसलं की तो छातीवर क्रूस काढायचा. एकदा नाही, लागोपाठ तीनदा. आणि या बेटावर चर्चना तोटा नाही. त्यामुळे त्याचा उजवा हात स्टिअरिंगवर कमी आणि देवाकडे जास्त होता. वळणावळणावर खांबावर बसवलेल्या इवल्याशा देवळ्या होत्या. आत पणती, फोटो. आत्या प्रत्येकीला नमस्कार करत होत्या. चौथ्या वळणावर नवऱ्याने माहिती पुरवली, "जिथे अपघात झालेला असतो ना, तिथे घरचे लोक हे उभारतात." पुढच्या वळणापासून मीही हात जोडले.

बस थांबली. गावाचं नाव फिरा.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. या बेटावर बसने कुठूनही कुठेही जायचं तर आधी फिराला यायचं आणि गाडी बदलायची. बंदराहून पेरिसाला? फिरा. पेरिसाहून ईआ गावाला? फिरा. विमानतळाला? फिरा. बेटाचं बसचं वेळापत्रक नावातच लिहून ठेवलंय, ते वाचायला फक्त मराठी यावं लागतं.

स्टँडवर सात-आठ गाड्या उभ्या. उन्हाने डोकं भणभणलेलं. नवरा पहिल्या गाडीच्या माणसाकडे गेला. "पेरिसा?"

तो माणूस म्हणाला, "ने."

नवऱ्याला ते 'नाय' असं ऐकू आलं. तो परत फिरला.

"अरे, 'ने' म्हणतोय तो," आत्या म्हणाल्या. "म्हणजे नेईल."

"आत्या, तो ग्रीक आहे. त्याला मराठी कुठून येणार?"

गाडी गेली. नवरा दुसऱ्या गाडीकडे गेला. "पेरिसा?"

"ओही."

"बघा!" नवरा ओरडला. "म्हणतोय, ओ, ही! चला, चढा!"

चढलो. तीन बोटं दाखवून तीन तिकिटं घेतली. शेवटच्या थांब्यावर काळी वाळू दिसली. पेरिसाची वाळू काळी असते हे आम्ही वाचलं होतंच. अर्धा तास बॅगा ओढत खोली शोधली. शेवटी एका खानावळवाल्याने पत्ता वाचला आणि खांदे उडवले. हे कामारी होतं. पेरिसा समोरच्या डोंगरापलीकडे.

डोंगराचं नाव मेसा वूनो. डोक्यावर प्राचीन थेरा शहराचे अवशेष, एका कुशीत कामारी, दुसऱ्या कुशीत आमची खोली. पक्ष्याला दोन मिनिटं लागली असती. बसने?

"फिरा," खानावळवाला म्हणाला.

त्यानेच लिंबाचं सरबत देता देता भाषा समजावली. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. 'ओही' म्हणजे नाही. आत्यांनी सरबत संपवलं, पेला खाली ठेवला आणि पुतण्याकडे नुसतं बघितलं. एसटीत बाराचे सुट्टे नसलेल्या प्रवाशाकडे कंडक्टर बघतो तसं.

त्यानंतर चारही दिवस चौकशीचं खातं आत्यांकडे गेलं. ग्रीक माणूस तोंडाने काही न बोलता हनुवटी वर करून 'च्यक्' करतो, तेव्हा त्याचाही अर्थ नाही असाच असतो. हे आत्यांना कुणी सांगावं लागलं नाही. आमच्या घरात साखर संपली का विचारलं तर त्या तसंच करतात.

ईआचा सूर्यास्त बघितला. म्हणजे, सूर्यास्त बघणाऱ्या माणसांच्या पाठी बघितल्या. सूर्य बुडाला आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. "वन्स मोर मिळायचा नाही," आत्या म्हणाल्या, "उठा, गाडी भरेल." खरंच, गल्लीबोळांतून अख्खी गर्दी बसकडे पळत होती. आत्यांनी दारातून आधी छत्री घातली, मग स्वतः गेल्या, मग आम्हाला ओढलं. फिरापर्यंत उभ्याने. फिराला गाडी बदलली. पेरिसा.

ठाण्याला परतल्यावर शेजारच्या काकू आल्या. "मग, काय काय पाहिलंत ग्रीसमध्ये?"

"फिरा," आत्या म्हणाल्या.

"हो हो, फिरलात ना भरपूर," काकू म्हणाल्या. "पण पाहिलंत काय?"