त्या संध्याकाळी सर्व्हर का बंद ठेवला: आडत बिलिंगच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार शेठ,

एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "ऐन सोयाबीनच्या आवकेत संध्याकाळी सर्व्हर बंद. पट्ट्या हाताने लिहिल्या. डेटा चोरीला गेलाय आणि हे लपवतायत." तुम्हाला त्रास झाला, यात वाद नाही. औसा-निलंग्याहून माल घेऊन आलेला शेतकरी पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, हातात पडल्याशिवाय गावाकडे वळत नाही. पण चोरीची गोष्ट खरी नाही, आणि ती वाचून लातूरच्या यार्डातले बाकीचे आडतेही धास्तावतील, म्हणून सविस्तर लिहितो.

१० ऑक्टोबर २०२३ ला 'रॅपिड रिसेट' नावाचा हल्ला जाहीर झाला. त्यामागचा दोष एचटीटीपी/२ (ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी बोलतात ती पद्धत) वापरणाऱ्या बहुतेक सर्व्हरना लागू होता. आपलं बिलिंग सॉफ्टवेअर गो या प्रोग्रामिंग भाषेत आहे, आणि तिच्या नेट/एचटीटीपी लायब्ररीतही (तयार मिळणाऱ्या कोडमध्ये) तो होता. तुमच्या गाळ्यावर एकानेच "पोतं उतरवा" म्हणायचं, हमालाने पाठीवर घेतलं की लगेच "राहू द्या", आणि पुन्हा "दुसरं उतरवा", असं दिवसभर चाललं तर काय होईल? सर्व्हरचं तेच होतं. गोमध्ये एका कनेक्शनवर एका वेळी साधारण २५० रिक्वेस्टची मर्यादा असते, पण रद्द केलेली रिक्वेस्ट त्या मोजणीतून लगेच सुटते. तिच्यासाठी सुरू झालेलं काम मात्र आत चालूच राहतं. अशाच हल्ल्यात गुगलने सेकंदाला ३९ कोटी ८० लाख रिक्वेस्ट मोजल्या. आपल्यासारखा सर्व्हर त्याच्या कणभर हिश्श्यानेही आडवा होतो.

या दोषातून कोणाला तुमचा हिशेब वाचता येत नाही. सर्व्हर बंद पाडता येतो, एवढंच.

दुरुस्ती गो १.२१.३ आणि १.२०.१० मध्ये आली. चालू असलेलं काम संपेपर्यंत नवी रिक्वेस्ट आता रांगेत थांबते, आणि रांग फारच वाढली तर कनेक्शनच तोडलं जातं. गोमध्ये लायब्ररी प्रोग्रामच्या आतच बांधलेली असते, त्यामुळे सर्व्हरची विंडोज-लिनक्स अपडेट करून भागत नाही. अख्खा प्रोग्राम नव्याने बांधावा लागतो. ११ तारखेला दिवसभर आम्ही तेच केलं. जुन्या पट्ट्या नव्या प्रोग्राममध्ये टाकून आडत, हमाली, तोलाई, प्रत्येक ओळ पैशापर्यंत जुळवली आणि मगच संध्याकाळी सर्व्हर बंद करून तो बदलला.

रात्रीपर्यंत थांबायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. हल्ल्याची पद्धत तोवर जगजाहीर झाली होती. आम्ही बंद केला, म्हणून किती वाजता चालू होईल ते मेसेजमध्ये सांगता आलं. हल्ल्याने पडला असता तर दुसऱ्या दिवशीच्या सौद्यापर्यंत काय झालं असतं, कोण सांगणार? पुन्हा अशी वेळ आली तर मी हेच करीन.

मेसेज नोंदवलेल्या नंबरवर जातो, आणि बहुतेक गाळ्यांवर तो मुनीमजींचा असतो. तुमचाही नंबर कळवा, जोडून देतो. त्या संध्याकाळच्या हातपट्ट्या आमचा माणूस गाळ्यावर येऊन सिस्टीममध्ये चढवून देईल; त्याचे पैसे घेणार नाही.