आच घरची असली तरी रसायन तेच

एक मजकूर सध्या सगळीकडे पुढे पाठवला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कर्करोगाशी नाव जोडलं जाणारी ॲक्रिलामाइडसारखी घातक द्रव्यं पाकीटबंद पदार्थांतच असतात, घरी, पारंपरिक पद्धतीने, चांगल्या जिन्नसांतून केलेल्या अन्नात ती तयारच होत नाहीत, निखाऱ्यावरचं आणि धुरीचं अन्न नैसर्गिक म्हणून निर्धोक असतं, आणि आपले पूर्वज हेच खाऊन धडधाकट जगले. वाचायला बरं वाटतं, पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी कारखान्याचं बघू. ॲक्रिलामाइड कुणी बाहेरून मिसळत नाही. बटाट्यात आणि धान्यात ॲस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल असतं, ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या साखरा असतात. तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या वर गेलं आणि ओलावा संपत आला की यांच्यातूनच ते तयार होतं. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी हे जगापुढे आणलं, तेव्हा प्रयोगशाळेत नुसत्या तापवलेल्या बटाट्यातही ते भरपूर सापडलं. कच्च्या किंवा उकडलेल्या बटाट्यात सापडलं नाही. तळणीतल्या फोडींकडे नीट बघा. बुडबुडे जोरात येत असतात तोवर आतलं पाणी वाफ होऊन जात असतं आणि फोड फार तापत नाही. बुडबुडे मंदावले की पृष्ठभाग कोरडा पडतो, कडा सोनेरी होतात, मग तपकिरी. ॲक्रिलामाइड झपाट्याने वाढतं ते याच शेवटच्या टप्प्यात. कढई कुणाच्या स्वयंपाकघरात आहे याने काहीच फरक पडत नाही.

‘निखाऱ्यावरचं आणि धुरीचं अन्न नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हा दुसरा मुद्दा तर थेट उलटा आहे. मांसातली चरबी निखाऱ्यावर ठिबकते, तिचा धूर होतो आणि त्यातलं बेन्झोपायरीन पदार्थावर बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गवारीत त्याची नोंद पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत आहे. युरोपीय संघाने धुरी दिलेल्या मांसासाठी किलोमागे २ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली, तेव्हा काही देशांतल्या पारंपरिक धुरीच्या मांसाला ती पाळता येईना. त्यांना ५ मायक्रोग्रॅमपर्यंत सवलत द्यावी लागली. म्हणजे इथे अडचण परंपरेलाच आली.

राहिले पूर्वज. कर्करोग बहुधा उतारवयात गाठतो आणि संसर्गाच्या आजारांनी त्याआधीच कितीतरी माणसं जात. जे गेले त्यांचं निदान कुणी केलं होतं? शिवाय जुन्या स्वयंपाकात उकडणं, वाफवणं, आंबवणंही भरपूर होतं आणि त्यात ही द्रव्यं जवळजवळ तयार होत नाहीत. परंपरेचा खरा अभिमान असेल तर हा भाग सांगायला हवा.

मात्र घाबरून जायचंही कारण नाही. ॲक्रिलामाइड त्याच वर्गवारीत १९९४ पासून ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहे, पण मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे. आहारातल्या ॲक्रिलामाइडचा माणसांतल्या कर्करोगाशी ठाम, सातत्याने दिसणारा संबंध अजून सिद्ध झालेला नाही. करपलेल्या एका घासाने काही होत नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आहे. तेव्हा सोनेरी रंगावर थांबा, काळा भाग काढून टाका. तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत त्यांच्यातली साखर वाढते. चिरल्यावर थोडा वेळ पाण्यात ठेवा आणि कोरडे करून मगच तळा. मांस भाजताना चरबी निखाऱ्यावर पडू देऊ नका.

आणि मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट: हा मजकूर खाणाऱ्यांबद्दल बोलतो, रांधणारीबद्दल अवाक्षर नाही. लाकूड-कोळशाचा धूर आणि कडकडीत तापलेल्या तेलाची वाफ ताटात येण्याआधी तिच्या छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या अशा धुराच्या प्रदूषणाने सुमारे ३२ लाख माणसं दगावली. पारंपरिक चुलीचे गोडवे गाणाऱ्यांनी निदान चुलीवर धुराडं आहे का, खिडकी उघडते का, एवढं तरी विचारावं.